आकडा बरोबर, तरी रेडिओ गप्प का?

२०२७चा सिंहस्थ जसजसा जवळ येतोय, तसतसे नाशिकमध्ये वॉकीटॉकी आणि हॅम रेडिओबद्दलचे प्रश्न वाढू लागलेत. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर मोबाइल लागेनासा झाला, तर एकमेकांशी बोलायला काहीतरी दुसरं हाताशी हवं, ही त्यामागची साधी गरज. त्यात जुलै २०२५मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवर बोलले आणि या छंदाचं नाव पुन्हा बातम्यांत आलं. मग कुणीतरी विचारतं, ‘फ्रिक्वेन्सी किती ठेवायची तेवढं सांगा ना!’ आकडा सांगितला जातो, तो सेटवर टाकला जातो, आणि पुढे ऐकू येते ती नुसती खरखर.

सेट बिघडलेला नसतो आणि आकडाही बहुतेकदा बरोबर असतो. अडचण अशी की रेडिओवर दोन माणसांची गाठ पडायला आकड्याखेरीज आणखी तीन-चार गोष्टी जुळाव्या लागतात. शिवाय स्क्रीनवरच्या आकड्याचा अर्थही दर वेळी तोच नसतो. हा लेख त्या बाकीच्या गोष्टींबद्दल आहे.

आधी दोन शब्द. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, हौस म्हणून रेडिओवर बोलणारा माणूस. ट्रान्सीव्हर म्हणजे बोलणं पाठवणारं आणि ऐकणारं एकच यंत्र. हॅम लोक त्याला रिग म्हणतात, आणि हातात मावणारं असेल तर हॅण्डी.

फ्रिक्वेन्सी म्हणजे नक्की कसला आकडा?

रेडिओलहर सेकंदाला किती वेळा वरखाली होते, ती संख्या म्हणजे फ्रिक्वेन्सी. १४५ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४ कोटी ५० लाख वेळा. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ने भागा, दोनच्या आसपास उत्तर येतं, म्हणून त्या पट्ट्याला ‘टू मीटर’ म्हणतात. ७.१ने भागा, बेचाळीस येतात, आणि त्याला सगळे ‘फॉर्टी मीटर’ म्हणतात. नावं ढोबळ आहेत, पण अँटेना केवढी लागेल याचा अंदाज त्यातूनच येतो.

आकाशवाणीचं नाशिक केंद्र १०१.४वर लागतं हे आपल्याला पाठ आहे. त्याच्या वर, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, विमानांचं राज्य. ओझरला उतरणाऱ्या विमानांचं बोलणं त्याच पट्ट्यात चालतं. त्याहून वर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा भारतातल्या हॅम लोकांना दिलेला टू मीटरचा पट्टा. आणखी वर ४३४ ते ४३८. खाली, लांब पल्ल्यासाठी, ७.००० ते ७.२०० आणि १४.००० ते १४.३५०. असे आणखीही पट्टे आहेत, पण नवा माणूस बहुतेक वेळा याच चारांत फिरतो.

जुन्या रेडिओत नॉब फिरवला की आत पत्र्यांची गँग फिरायची, डायलची दोरी ओढली जायची आणि सुई सरकायची. सेट तापला की स्टेशनही हळूहळू सरकायचं. आजच्या रिगमध्ये गँग नाही. एक क्वार्ट्झचा स्फटिक अगदी ठरलेल्या गतीने कंप पावतो आणि त्याच्या आधाराने इलेक्ट्रॉनिक मंडल हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करतं. म्हणून नॉब सलग फिरल्यासारखा वाटला तरी आकडा पायरीपायरीने बदलतो. या पायरीला ‘स्टेप’ म्हणतात. ती लक्षात ठेवा, पुढे ती छळणार आहे.

आकड्याला रुंदी असते

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू.

१४५.५०० असं वाचलं की डोळ्यांपुढे एक बारीक रेघ येते. प्रत्यक्षात आवाज वाहून नेणारा सिग्नल त्या रेघेच्या आजूबाजूला जागा व्यापतो. आग्रा रोडवरून जाणारा ट्रक घ्या. नकाशावर तो एक ठिपका दिसतो, रस्त्यावर मात्र त्याला आख्खी लेन लागते. हॅम लोकांचा एफएम सिग्नल साधारण १० ते १६ किलोहर्ट्झ रुंद असतो (एक मेगाहर्ट्झ म्हणजे हजार किलोहर्ट्झ), म्हणून तिथे चॅनेल १२.५ किंवा २५ किलोहर्ट्झच्या अंतराने ठेवतात. गाणी वाजवणारी एफएम स्टेशनं याच्या कितीतरी पट रुंद, कारण त्यांना संगीत पाठवायचं असतं.

लांब पल्ल्याच्या पट्ट्यांवर जागेची चणचण असते. तिथे एसएसबी नावाची पद्धत वापरतात, म्हणजे सिंगल साइडबँड. आवाजाच्या सिग्नलला मुळात दोन सारख्या बाजू असतात, एक मधल्या रेघेच्या वर आणि एक खाली. दोन्हींत माहिती तीच. एसएसबीत एक बाजू आणि मधली रेघ दोन्ही काढून टाकतात आणि उरलेली एकच बाजू पाठवतात. जागा जेमतेम अडीच-पावणेतीन किलोहर्ट्झ लागते आणि सगळी ताकद कामाच्या भागात जाते. खालची बाजू ठेवली तर एलएसबी, वरची ठेवली तर यूएसबी. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी, असा हॅम जगातला जुना रिवाज आहे.

आता गंमत बघा. एसएसबीत स्क्रीनवर जो आकडा दिसतो, तो त्या काढून टाकलेल्या मधल्या रेघेचा असतो. तिथे प्रत्यक्षात काहीच जात नाही! यूएसबीत ट्रक आकड्याच्या वरच्या अंगाला असतो, एलएसबीत खालच्या अंगाला, आणि आकडा फक्त त्याची एक कड दाखवतो. समजा फॉर्टी मीटरवर तुम्ही ७.००० लावून एलएसबीत बोललात. आकडा पट्ट्याच्या आत दिसतो, पण तुमचा सगळा आवाज ७.०००च्या खाली, म्हणजे हॅम पट्ट्याबाहेर गेला. तसंच १४.३५०वर यूएसबीत. स्क्रीन तक्रार करत नाही, नियम मात्र मोडलेला असतो. म्हणून कडेपासून निदान तीन किलोहर्ट्झ आत राहावं. सुरुवातीला तर कडेला जाऊच नये, असं माझं मत आहे.

आवाज चिरका येतोय, जाड येतोय

एफएमवर फ्रिक्वेन्सी एखाद-दुसरा किलोहर्ट्झ चुकली तरी आवाज येतो, फार तर थोडा फाटतो. एसएसबीवर तेवढी चूक परवडत नाही. शंभर-दोनशे हर्ट्झ इकडेतिकडे झालं की ओळखीचा माणूसही परका वाटू लागतो. एलएसबीत आकडा जास्त ठेवला तर आवाज चिरका, कमी ठेवला तर घोगरा. यूएसबीत बरोबर उलटं. म्हणून एसएसबीवर नॉब कानांनी फिरवतात, डोळ्यांनी नाही. आवाज माणसासारखा झाला की थांबायचं. त्या क्षणी स्क्रीनवर ७.०९३२७ असा वेडावाकडा आकडा दिसला तरी तोच बरोबर.

बहुतेक रिगवर आरआयटी नावाचा एक छोटा नॉब असतो. त्याने फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, बोलण्याची जागच्या जागी राहते. समोरचा जरासा हललेला असेल तेव्हा हा वापरायचा. मोठा नॉब फिरवलात, तर तुम्ही त्याच्यामागे आणि तो तुमच्यामागे असं करत दोघंही पट्टाभर फिरत राहाल. पण गप्पा संपल्यावर आरआयटी शून्यावर आणायला हवा. ‘मला सगळे तिरकेच ऐकू येतात’ अशी तक्रार आली तर आधी तोच तपासावा.

दूरदेशीचं दुर्मिळ स्टेशन असेल तर आणखी एक प्रकार दिसतो. ते १४.१९५वर बोलतं आणि म्हणतं, ‘मी पाच ते दहा वर ऐकतोय.’ म्हणजे तुम्ही १४.१९५वर ऐकायचं, पण बोलायचं १४.२०० ते १४.२०५च्या दरम्यान. यासाठी रिगमध्ये ए आणि बी अशा दोन फ्रिक्वेन्सी ठेवता येतात आणि ‘स्प्लिट’चं बटण दाबलं की एकीवर ऐकणं, दुसरीवर बोलणं सुरू होतं. ते न दाबता जो थेट १४.१९५वर ओरडतो, त्याला जगभरातून शिव्या बसतात.

हॅण्डीवर आकडा टाकताना

हॅण्डीत दोन अवस्था असतात. व्हीएफओ म्हणजे मोकळा आकडा टाकायची अवस्था, आणि मेमरी म्हणजे आधी भरून ठेवलेली चॅनेल. मेमरी अवस्थेत असताना कीपॅडवर १४५५०० टाइप केलं तर सेट ते चॅनेल क्रमांक समजतो आणि चिडून बीप देतो. ‘आकडाच घेत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

दुसरी तक्रार स्टेपची. १४५.६१२५ टाकायचे आहेत आणि सेटची पायरी ५ किलोहर्ट्झ ठेवलेली आहे. मग तो १४५.६१०वर तरी जातो नाहीतर १४५.६१५वर. मेनूत जाऊन पायरी १२.५ किंवा ६.२५ केली की हाच आकडा मुकाट्याने बसतो. काही सेटवर शेवटचे आकडे बारीक अक्षरांत कोपऱ्यात दिसतात, तिकडेही नजर टाकावी.

मग स्क्वेल्च. खरखर दाबून ठेवणारी ही झडप फार घट्ट लावली तर दुबळा सिग्नलही अडतो. काहीच ऐकू येत नसेल तेव्हा ती पूर्ण उघडून खरखर ऐकावी, म्हणजे निदान सेट जिवंत आहे एवढं तरी कळतं.

रिपीटर: ऐकायचं एकीकडे, बोलायचं दुसरीकडे

टू मीटरच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट मैदानात माणसाच्या उंचीवर धरलेल्या हॅण्डीचं क्षितिज पाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन हॅण्डींमध्ये कागदावर दहा. शहरात, सिडकोतल्या इमारतींच्या दाटीत, यातलं किती उरेल ते सांगायला नको. नाशिक ते त्र्यंबकेश्वर हे अंतर सुमारे तीस किलोमीटर आणि त्र्यंबक बसलंय ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, डोंगरांच्या वेढ्यात. पंचवटीत हॅण्डी धरून कुशावर्तावरच्या माणसाशी थेट बोलण्याची आशा सोडून द्यावी. वॅट वाढवूनही उपयोग नाही, डोंगर वॅटला भीक घालत नाही.

यावर उपाय रिपीटर. उंच ठिकाणी बसवलेलं हे यंत्र दुबळा सिग्नल ऐकतं आणि त्याच क्षणी जोरात पुन्हा पाठवतं. पण एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी ऐकणं आणि बोलणं त्याला जमत नाही, स्वतःच्याच आवाजाने त्याचा कान बधिर होतो. म्हणून ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि दुसरीवर बोलतं. टू मीटरवर हे अंतर साधारणपणे ६०० किलोहर्ट्झ ठेवतात. समजा रिपीटर १४५.६५०वर बोलतो आणि १४५.०५०वर ऐकतो. तुमच्या सेटवर १४५.६५० टाकायचं, ऑफसेट, म्हणजे हे अंतर, ६००, आणि शिफ्टची, म्हणजे सरकण्याची, दिशा उणे. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं की स्क्रीनवरचा आकडा आपोआप १४५.०५० होतो, सोडलं की परत १४५.६५०. हा बदल दिसला नाही तर शिफ्ट लागलेली नाही. मग तुम्हाला सगळे ऐकू येतील, तुम्ही मात्र कुणालाच नाही.

इतकं करूनही रिपीटर उघडत नसेल तर टोन राहिला. रिपीटरने भलत्याच गोंधळाला उत्तर देऊ नये म्हणून तो तुमच्या आवाजाखाली एक बारीक, सतत चालणारा सूर शोधतो. हे सूर ६७ हर्ट्झपासून सुमारे अडीचशे हर्ट्झपर्यंत ठरलेले असतात, ८८.५ हा त्यातला नेहमीचा. आपला सेट ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकतो, म्हणून हा सूर कानाला लागत नाही. मेनूत तो दोन ठिकाणी असतो: पाठवताना आणि ऐकताना. रिपीटर उघडायला पाठवतानाचा पुरतो. ऐकतानाचाही लावला आणि रिपीटर तो परत पाठवत नसला, तर तुमचा सेट सगळं ऐकूनही तोंड मिटून बसेल.

टोन लावला म्हणजे बोलणं खासगी झालं ना?

नाही. विकणारे याला प्रायव्हसी कोड म्हणतात आणि लोक फसतात. टोन लावल्यावर तुम्हाला इतरांचं बोलणं ऐकू येत नाही इतकंच. तुमचं बोलणं त्या फ्रिक्वेन्सीवर बसलेला कुणीही, टोन न लावता, आरामात ऐकू शकतो. हॅम रेडिओवर तर सांकेतिक भाषेत लपवून बोलायला मनाईच आहे. उघड बोलायचं, स्वतःची कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळखखूण, सांगायची. बोलण्याआधी थोडं ऐकायचं आणि ‘ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ असं विचारायचं. तुम्हाला शांतता वाटते तिथे दोघं बोलत असतील आणि त्यांतला एकच तुम्हाला ऐकू येत नसेल.

मग अंतराळ स्थानक का ऐकू येत नाही?

स्थानकाची आवाजाची फ्रिक्वेन्सी १४५.८०० मेगाहर्ट्झ, मोड, म्हणजे पाठवायची पद्धत, एफएम. साध्या हॅण्डीवरही ती ऐकता येते, हे खरं आहे. पण स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं आणि नाशिकच्या क्षितिजावर एका वेळी फार तर दहा मिनिटं असतं. तेव्हाही अंतराळवीर बोलत असतीलच असं नाही. आणि ते सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावत असल्यामुळे फ्रिक्वेन्सीच सरकते. जवळ येताना ती सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर, लांब जाताना तितकीच खाली. म्हणून तीन मेमरी भरून ठेवतात: १४५.८०५, १४५.८०० आणि १४५.७९५. सुरुवातीला पहिली, डोक्यावर आलं की मधली, मावळताना शेवटची.

स्थानकावर एक रिपीटरही आहे. तो १४५.९९०वर ६७ हर्ट्झच्या टोनसह ऐकतो आणि ४३७.८००वर बोलतो. फ्रिक्वेन्सी जितकी वरची, तितकी ती जास्त सरकते, त्यामुळे ४३७.८००वर हा फरक दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. तिथे एकाच आकड्याला धरून बसलात तर निम्मी फेरी खरखर ऐकण्यात जाईल.

फ्रिक्वेन्सी बदलली, अँटेनाचं काय?

आकडा एका बोटाने बदलतो, अँटेनाची लांबी बदलत नाही. टू मीटरचा पट्टा टक्केवारीत अरुंद असल्याने एकच अँटेना तो सगळा सांभाळते. फॉर्टी मीटरवर वीस मीटर लांब तार ७.१००साठी कापली तर पट्ट्याच्या कडांना थोडी कुरकुर होते. अँटेना रिगशी किती जुळते ते सांगणाऱ्या एसडब्ल्यूआर नावाच्या मापात ती दिसते. दीडपर्यंत उत्तम, तीनच्या वर गेलं तर बहुतेक रिग स्वतःची ताकद स्वतःच कमी करतात. हे जुळवताना ताकद दहा वॅटवर आणावी आणि कुणी बोलत नसलेली जागा निवडावी. रिगजवळचं ट्यूनर यंत्र अँटेना सुधारत नाही, रिगची समजूत काढतं. गच्चीवरची तार चुकीच्या लांबीची असेल तर ती तशीच राहते.

मोबाइल असताना हे सगळं कशाला?

रोजच्या बोलण्यासाठी खरंच नको. पण डिसेंबर २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळी योगायोगाने अंदमानात होती आणि तिथलं संपर्कजाळं कोलमडल्यावर त्यांच्या रेडिओवरून निरोप मुख्य भूमीवर पोचले. मधे टॉवर नाही, एक्स्चेंज नाही, बॅटरी आणि तार पुरते. मात्र हे काम ऐनवेळी खोक्यातून सेट काढून होत नाही. वर सांगितलेलं सगळं हाताला आधीच सवयीचं असावं लागतं.

आणि एक स्पष्ट सांगायला हवं. मंडळाच्या पन्नास स्वयंसेवकांना हॅमचे सेट वाटता येत नाहीत. परवान्याशिवाय असा सेट बाळगणंही बेकायदा आहे. विनापरवाना वापराला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा वेगळा छोटा पट्टा आहे, पण त्यासाठी मंजुरी मिळालेले, कमी ताकदीचेच सेट हवेत. कुठलीही फ्रिक्वेन्सी लागणारी स्वस्त वॉकीटॉकी इंटरनेटवर सर्रास विकली जायची, तिला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये नियमावली काढली. सेट एखादी फ्रिक्वेन्सी लावू देतो याचा अर्थ तिथे बोलायची परवानगी आहे असा होत नाही. देवळालीच्या तोफखान्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हे जास्तच जपावं.

परवाना नाही, तर शिकायचं कसं?

इंटरनेटवर वेबएसडीआर नावाचे रिसीव्हर आहेत. दुसऱ्या कुणाच्या तरी अँटेनावर आलेलं तुम्ही ब्राउझरमध्ये ऐकता आणि ट्यूनिंग स्वतः करता. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर जुना आणि भरवशाचा. तिथे अंधार पडल्यावर, म्हणजे आपल्या रात्री उशिरा, ७.१००च्या आसपास या, मोड एलएसबी करा आणि एखादा आवाज पकडा. मग मुद्दाम दोनशे हर्ट्झ वर जा, दोनशे खाली या. नंतर तोच आवाज यूएसबीत ऐकून बघा, एक शब्द कळणार नाही. तासभर हा खेळ केला की वरचा अर्धा लेख कानाला पटतो.

परीक्षा दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची लिपी, लागत नाही, जनरल दर्जाला लागते. वयाची अट बारा वर्षं पूर्ण एवढीच, त्यामुळे सातवी-आठवीतली मुलंही बसू शकतात. प्रश्न रेडिओच्या प्राथमिक विज्ञानावर आणि नियमांवर असतात.